विश्लेषण : बुजऱ्या कुत्र्याला सोबती आणावा का? आणायचाच तर कोणता?

डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातील लवूळ हे गाव अचानक जगभराच्या बातम्यांत झळकले. वानरे कुत्र्याची पिल्ले उचलून झाडांवर, छपरांवर नेत होती आणि ती पिल्ले मरत होती. वानराचे पिल्लू कुत्र्यांनी मारले म्हणून वानरांनी 'सूड' घेतला, अशी कथा तयार झाली. अडीचशे कुत्र्यांचा आकडा सांगितला गेला आणि तो पुढे वादात सापडला. नागपूरहून आलेल्या वनखात्याच्या पथकाने दोन वानरे पकडून नेली. वर नेलेली पिल्ले उंचावरून पडून किंवा आईच्या दुधाविना मरत होती, हे चित्र नंतर पुढे आले. पण तोवर सूडाची गोष्ट सगळ्यांना पटली होती, कारण ती माणसांच्या गोष्टीसारखी होती.

प्राण्याच्या वागण्याला माणसाचे कारण चिकटवण्याची ही सवय घराघरांत असते. पाहुणे आले की कॉटखाली शिरणारा, गल्लीत न्यायला पट्टा काढला की शेपूट पायात घालणारा कुत्रा पाहून शेजारी हमखास सांगतात, 'एकटा पडलाय बिचारा, त्याला जोडी आणा.' गावठी कुत्र्यांच्या माजाचा मोठा हंगाम भाद्रपदातला आणि गाभण काळ सुमारे ६३ दिवसांचा. त्यामुळे दिवाळीच्या पुढेमागे गल्लोगल्ली पिल्ले दिसू लागतात आणि जोडी आणायला फार लांब जावे लागत नाही. त्यातच ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था, रुग्णालये, क्रीडा संकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानकांच्या आवारातील भटकी कुत्री हलवून निवारागृहात ठेवण्याचे व पुन्हा तिथे न सोडण्याचे आदेश दिले. एखादा तरी जीव घरात घ्यावा, असे अनेकांना वाटू लागले आहे. भावना चांगली आहे. मात्र घरातल्या बुजऱ्या कुत्र्याचा प्रश्न आणि रस्त्यावरच्या बेवारस कुत्र्याचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाच पिल्लाने दोन्ही सुटतील असे गृहीत धरले की बहुतेक वेळा दोन्ही चिघळतात.

बुजरेपणा येतो कुठून?

कुत्र्याच्या स्वभावाचा मोठा भाग पहिल्या काही आठवड्यांत घडतो. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी अनेक वर्षे पिल्लांचे निरीक्षण करून १९६५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या सामाजिक जडणघडणीचा असतो, हे त्यातून पक्के झाले. या काळात पिल्लाने जे पाहिले, हुंगले, ऐकले ते त्याला पुढे 'आपले' वाटते. जे वाट्याला आले नाही, ते परके आणि म्हणून धोक्याचे. या दिवसांत बंद खोलीत वाढलेला महागडा लॅब्राडोर मोटारसायकलला घाबरतो आणि बसस्थानकावर जन्मलेले पिल्लू एसटीच्या चाकाशेजारी निवांत झोपते, याचे कारण हेच. जन्मजात स्वभावाचाही वाटा असतोच. एकाच वेताच्या चार पिल्लांत एखादे जरा मागे राहणारे असते.

म्हणून पहिला प्रश्न 'जोडी आणू का' हा नसून 'हा नेमका कशाला घाबरतो' हा असायला हवा. माणसांना, आवाजाला की इतर कुत्र्यांना? लग्नसराईतल्या डीजेला आणि दिवाळीच्या फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याला दुसरा कुत्रा फारशी मदत करत नाही. दुसराही फटाक्यांना घाबरणारा निघाला, तर कॉटखाली दोघे बसतात एवढेच. कालपर्यंत धीट असलेला कुत्रा अचानक बुजू लागला असेल, तर सोबती शोधण्याआधी पशुवैद्याकडे जावे. कानातला संसर्ग, सांधेदुखी, गोचीड ताप अशी दुखणी आधी वागण्यातूनच दिसतात.

१९९६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे लक्षात घेण्यासारखा आहे. लहानपणापासून वर्षानुवर्षे जोडीने राहिलेल्या कुत्र्यांना अनोळखी जागी नेण्यात आले आणि त्यांच्या रक्तातील ताणाशी संबंधित संप्रेरक मोजण्यात आले. जोडीदार कुत्रा सोबत असूनही ताण कमी झाला नाही. रोज देखभाल करणारा माणूस जवळ बसला तेव्हा मात्र तो कमी झाला. एका प्रयोगावर सगळे ठरवू नये हे खरे, तरी 'कुत्र्याला कुत्राच हवा' या ठाम समजाला त्याने चांगलाच तडा दिला आहे. घरातल्या माणसांनी दिवसातला अर्धा तास दिला तर जे होईल, ते काम नव्या कुत्र्यावर ढकलता येत नाही.

मग दुसऱ्या कुत्र्याचा उपयोग कधीच नाही का?

आहे, आणि चांगला आहे. कुत्रा माणसांना बुजतो, पण इतर कुत्रे दिसले की त्याचे अंग सैल पडते, तो वाकून खेळायला बोलावतो, फाटकापाशी रेंगाळतो, असे दिसत असेल तर जोडीचा विचार करण्यात अर्थ आहे. अशा कुत्र्याला धीट सोबती वाटाड्यासारखा उपयोगी पडतो. पाहुणा आला, सोबती शेपूट हलवत पुढे गेला, काही वाईट झाले नाही, हे बुजरा मागे उभा राहून पाहतो. आठवड्यांनी तोही दोन पावले पुढे येतो.

हेच शिक्षण उलट्या दिशेनेही होते. भीतीही पाहून शिकली जाते. एक भुंकला की दुसरा भुंकतो, एक पळाला की दुसरा कारण न विचारता पळतो. म्हणून आणला जाणारा कुत्रा कोणता, यावर जवळपास सगळे ठरते.

पिल्लू की मोठा कुत्रा?

बहुतेक घरांची पहिली पसंती पिल्लाला असते, आणि बहुतेक वेळा तिथेच निवड चुकते. दोन-तीन महिन्यांचे पिल्लू दिवसभर अंगावर उड्या मारते, कान ओढते, दुसऱ्याच्या ताटलीत तोंड घालते. बुजऱ्या कुत्र्याला नेमके हेच नको असते. त्याला दूर होण्याची मोकळीक हवी असते. शिवाय आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेले पिल्लू स्वतःच पुढे भित्रे किंवा चावरे होण्याची शक्यता वाढते. गल्लीतून महिन्याभराचे पिल्लू 'वाचवून' आणणारे अनेकदा नकळत दुसरा बुजरा कुत्रा तयार करत असतात.

बुजऱ्यासाठी सहसा दोन ते पाच वर्षांचा, स्वभाव कळून चुकलेला, शांत कुत्रा बरा. त्याची पारख एका भेटीत होत नाही. सकाळी, संध्याकाळी, खायला देताना, लहान मुले जवळून पळताना, असे वेगवेगळ्या वेळी त्याला पाहावे. दुसऱ्या कुत्र्याने मान फिरवली, गुरगुर केली, की जो सरळ मागे होतो तो कामाचा. नकार ऐकूनही छातीवर चढणारा, कितीही लाघवी असला तरी, या घरासाठी नाही. नर-मादी जोडी साधारणपणे दोन नर किंवा दोन माद्यांपेक्षा सुरळीत राहते. आकारमानातही फार तफावत नसावी, कारण तीस किलोच्या कुत्र्याचा खेळकर धक्का दहा किलोच्या कुत्र्याला हल्ला वाटू शकतो.

आणि एक कठोर वाटणारी गोष्ट. कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, सर्वांत केविलवाणा कुत्रा पाहून मन त्याच्याकडे ओढले जाते. त्याला घर मिळायलाच हवे, पण जिथे आधीच एक घाबरलेला कुत्रा आहे ते घर त्याच्यासाठी योग्य नाही. त्याला आधार देऊ शकेल असा धीट कुत्रा किंवा भरपूर वेळ असलेला माणूस दुसऱ्या घरात असू शकतो.

बीडमध्ये असा कुत्रा मिळणार कुठे?

पुण्या-मुंबईत दत्तक मेळावे होतात, संस्था कुत्र्याच्या स्वभावाची माहिती देतात. बीड जिल्ह्यात प्राण्यांच्या बचावाचे नाव घेतले की शिरूर कासार तालुक्यातील तागडगावचे 'सर्पराज्ञी' आठवते, पण ते वन्यजीवांसाठी ओळखले जाणारे केंद्र आहे. तालुक्यांच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचा बहुतेक वेळ गायी-म्हशी, बैल आणि शेळ्यांत जातो. त्यामुळे इथे 'रेस्क्यू' कुत्रा म्हणजे प्रत्यक्षात गल्लीतला, बाजारतळावरचा किंवा कुणीतरी सोडून दिलेला कुत्रा.

ही अडचण खरी, पण तिच्यात एक सोय दडलेली आहे. गल्लीतला कुत्रा महिनोन् महिने डोळ्यांसमोर असतो. तो सायकलींमागे धावतो का, पोरांशी कसा वागतो, हे कुणाला विचारावे लागत नाही. घरातल्या बुजऱ्याने फाटकाच्या गजांतून ज्याच्याशी आधीच नाक लावले आहे, जो आला की तो उठून उभा राहतो, असा एखादा कुत्रा असेल तर निवड अर्धी झालेली असते. हा कौल माणसाच्या पसंतीपेक्षा विश्वासार्ह मानावा.

कायद्याची बाजूही पाहायला हवी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच केलेली असते, ती आधी पाहावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्राणिप्रेमींना भटका कुत्रा दत्तक घेण्यासाठी पालिकेकडे अर्ज करण्याची मुभा आहे. सोबत एक अट आहे : दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी घेणाऱ्याची. 'नाही जमले तर सोडून देऊ' हा पर्याय त्यामुळे माणुसकीने नव्हताच, आता आदेशानेही उरलेला नाही. जमले नाही तर तो कोणाकडे जाईल, त्या घराचे नाव आणण्यापूर्वीच ठरलेले असावे. तसे नाव सापडत नसेल तर त्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून, त्याला खाऊ घालण्यासाठी ठरवून दिलेल्या जागी रोज भाकर-पाणी देणे ही कमी प्रतीची मदत नाही.

पहिले काही आठवडे

नवा कुत्रा थेट घरात घेऊ नये. आधी तपासणी, जंतनाशक, गोचिडांवर उपचार, रेबीज आणि पार्वो-डिस्टेंपरच्या लसी. जुन्या कुत्र्याच्याही लसी वेळेवर झालेल्या असाव्यात. दोन आठवडे वेगळे ठेवणे सोयीचे नसते, पण डिस्टेंपरसारखा आजार अंगात असूनही सुरुवातीला दिसत नाही. पार्वोचा विषाणू तर मातीत कित्येक महिने टिकतो. ज्या अंगणात पूर्वी एखादे पिल्लू रक्ती हगवणीने गेले आहे, तिथे लस न झालेले पिल्लू आणणे म्हणजे त्याला मरणाच्या दारात नेणे. नर-मादी आणत असाल तर नसबंदी आधीच ठरवावी. मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, आणि शस्त्रक्रियेनंतरही नराकडून काही आठवडे गर्भधारणा होऊ शकते.

पहिली भेट घराच्या दारात नको. शेताचा बांध किंवा मोकळे मैदान, जे दोघांच्याही मालकीचे नाही, ते बरे. दोन माणसे, दोन पट्टे, मध्ये वीसेक पावलांचे अंतर, आणि एकाच दिशेने चालणे. समोरासमोर आणून 'दोस्ती करा' म्हणणे ही माणसांची पद्धत झाली. कुत्र्यांत सरळ नजरेला नजर म्हणजे आव्हान. पट्टा ताणला की कुत्र्याचाही ताण वाढतो, म्हणून तो सैल. उन्हाळ्यात हे पहाटेच करावे, कारण तापलेल्या डांबरावर कुठलीच मैत्री जमत नाही.

बुजऱ्याची भाषा बारीक असते. भूक नसताना जिभेने ओठ चाटणे, झोप नसताना जांभई, मान वळवणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसणे, हे सगळे 'पुरे' असे सांगणे आहे. इथे अंतर वाढवले तर गुरगुर येतच नाही. गुरगुरल्यावर रागावू नये. गुरगुर दाबली तर कुत्रा पुढच्या वेळी इशारा न देता चावायला शिकतो.

घरात ताटल्या वेगळ्या, शक्य तर खोल्याही वेगळ्या. जुन्या कुत्र्याची नेहमीची जागा, त्याचे पोते, त्याचा कोपरा नव्याला देऊ नये. माणसाचा वेळही वाटून न घेता जुन्याला त्याच्या वाट्याचा वेगळा द्यावा. भांडण झालेच तर मध्ये हात घालू नये, पाणी फेकावे किंवा मध्ये पाट-फळी सरकवावी. दात लागलेच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. घरचाच कुत्रा आहे म्हणून थांबू नये.

जुळायला किती दिवस लागतात, याचे उत्तर तीन दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत काहीही असू शकते. एकत्र खेळणे ही फार पुढची पायरी. त्याआधी लहान खुणा दिसतात. बुजरा कुत्रा नव्याकडे पाठ करून जेवू लागतो. तो खोलीत आला म्हणून उठून जात नाही. फाटक वाजले की कॉटखाली शिरण्याआधी एकदा वळून नव्याकडे पाहतो. आणि महिनाभरानंतरही तो जेवण सोडत असेल, अंगणात लघवीला जायचेही टाळत असेल, नवा कुत्रा दिसला की भिंतीला चिकटत असेल, तर आधी ठरवून ठेवलेल्या त्या दुसऱ्या घराला फोन करण्याची वेळ आलेली असते.