प्रश्न विचारायलाही वेळ गाठावी लागते

घरात मुलीच्या शिक्षणाचा किंवा लग्नाचा विषय निघाला की आपल्याकडे आधी मशवरा होतो. कुरआन शरीफमध्ये ‘शूरा’ या नावाची एक सूरह आहे, यावरून सल्लामसलतीचे मोल कळावे. देशाचा मशवरा संसदेत होतो. पण तिथे कोणता विषय कधी निघणार हे कसे ठरते, याची माहिती आपण करून घेत नाही. मग अधिवेशन संपल्यावर म्हणतो, “आपलं कुणी बोललंच नाही.”

लोकसभेत कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा, याची शिफारस कामकाज सल्लागार समिती करते. अध्यक्ष तिचे प्रमुख असतात. बहुतेक वेळ सरकारी विधेयके आणि अर्थसंकल्प यांत जातो. सामान्य माणसाच्या प्रश्नाला जागा मिळते ती ठराविक दारांतून.

पहिले दार प्रश्नोत्तराच्या तासाचे. रोज 20 तारांकित प्रश्न घेतले जातात. त्यांची उत्तरे मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्नही विचारता येतात. आणखी 230 प्रश्नांना लेखी उत्तर मिळते. प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो, सूचना किमान 15 दिवस आधी द्यावी लागते, आणि कोणाचा प्रश्न लागणार हे सोडतीने ठरते. दुसरे दार शून्य प्रहराचे, तातडीच्या विषयांसाठी. तिसरे नियम 193 खालच्या चर्चेचे. तिच्यात मतदान होत नाही, पण सरकारला बाजू मांडावी लागते. शुक्रवारी शेवटचे अडीच तास मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांना आणि ठरावांना असतात.

हे शेवटचे दार लहान वाटेल. पण अशा खासगी विधेयकांपैकी सर्वांत आधी कायदा झाला तो सय्यद मोहम्मद अहमद काझमी यांच्या वक्फ विधेयकाचा, 1954 साली. आजवर अशी 14 विधेयकेच मंजूर झाली. शेवटचे 1970 मधले. ते मांडणारे आनंद नारायण मुल्ला हे उर्दूतले नामवंत शायर होते.

आता आपल्या घरातलीच गोष्ट घ्या. 2022 मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद होऊन फक्त नववी-दहावीपुरती राहिली. त्याच वर्षी 8 डिसेंबरला लोकसभेत केरळचे खासदार टी. एन. प्रतापन यांच्या प्रश्नाला मिळालेल्या लेखी उत्तरातून, संशोधक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही बंद होत असल्याचे देशाला कळले. प्रश्न विचारल्याने फेलोशिप वाचली नाही. पण सरकारला कारण लेखी द्यावे लागले, आणि ते संसदेच्या नोंदीत कायम राहिले. पुढे दाद मागणाऱ्याला अशीच नोंद उपयोगी पडते.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. अर्थसंकल्पी अधिवेशन जानेवारीच्या शेवटी, पावसाळी साधारण जुलैत आणि हिवाळी नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास सुरू होते. त्याच्या महिनाभर आधी आपल्या खासदारांना पत्र द्यावे. पत्रात एकच विषय असावा. “आमच्यावर अन्याय होतो” एवढे लिहून भागत नाही. कोणती योजना, आपल्या शाळेतली किती मुले, कोणत्या वर्षापासून पैसे आले नाहीत, हे आकड्यांत लिहावे. खासदाराच्या कचेरीला त्यातूनच प्रश्न तयार करता येतो. पत्राची पोच घ्यावी आणि उत्तर आले का, हे संसदेच्या संकेतस्थळावर पाहावे. विषय राज्याच्या अखत्यारीतला असेल तर आमदारांकडे जावे. विधानसभेत तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना आहेतच.

मोहल्ल्यातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना हे काम सोपवा. अर्ज लिहिणे, आकडे गोळा करणे, पाठपुरावा करणे ही त्यांची नागरिकशास्त्राची खरी तालीम ठरेल. मत पाच वर्षांतून एकदा दिले जाते. प्रश्न मात्र दर अधिवेशनात पाठवता येतो. पुढच्या अधिवेशनाआधी प्रत्येक मोहल्ल्यातून एक तरी नेमके पत्र जावे, इन्शाअल्लाह.