समाज म्हणजे कोण रे?

'दबाव होता' म्हणतात.

२०१३ साली नाशकात एका बापानं पोटच्या पोरीचा गळा आवळला. पोर नऊ महिन्यांची गरोदर. जातीबाहेर लग्न केलं, हा तिचा गुन्हा. घरात आजारपण आहे असं सांगून रिक्षात बसवून नेली. जातपंचायतीचा जाच होता असं तेव्हा पेपरात आलं. असेलही. वाळीत टाकणं काय असतं ते आपल्याला कुणी शिकवू नये. सोयरीक बंद, बोलणं बंद, मयताला खांदा बंद. भटक्या गरीब माणसाला जात सुटली की दुसरा आसरा नाय.

मान्य. सगळं मान्य. पण हात कुणाचे होते?

गोदीत वजन पेलवेना म्हणून एखाद्यानं दोर सोडला आणि खालचा गडी चेंगरला, तर त्याला सगळे एकच विचारतात : भडव्या, हाक का नाय मारलीस? वजन खरंच असतं. पण हाक मारायला तोंडही असतं. त्या बापाला पोरीला सांगता आलं असतं, 'पळ, इथं थांबू नको.' पंचांना सांगता आलं असतं, 'टाका वाळीत.'

आणि हा समाज, समाज म्हणजे तरी कोण? पंगतीत बसून वरणात मीठ कमी म्हणणारे चार म्हातारे. पोरीच्या बाळंतपणाला यातला एकही दमडी देत नाही.

त्या बापाला फाशी झाली होती. सुप्रीम कोर्टानं २०२४ साली ती काढून सवलतीशिवाय वीस वर्षं दिली. त्याची गरिबी पाहिली, लहानपणाची आबाळ पाहिली. बरं केलं. फासावर एक लटकतो आणि पंच घरी जाऊन जेवतात. पण गरिबी पाहूनही कोर्टानं त्याला निर्दोष म्हटलं नाही, हे ध्यानात घ्या. पंचांसाठी बहिष्कारविरोधी कायदा आहे, २०१६ चा. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. तक्रार द्यायला मात्र माणूस लागतो.

दोस्तांनो, इथवर माना डोलावल्यात. आता आपल्या गल्लीत या. जात मोडायला नुसतं सहभोजन पुरत नाही, आंतरजातीय लग्नच पाहिजे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलं. आणि बौद्धाच्या पोरानं मातंगाची पोरगी आणली की आपल्याच वस्तीत बोंब! जयंतीला बेभान नाचणारा काका सगळ्यांच्या पुढे. दोन्ही घरांत तेच. पोरीची आई आधी चप्पल काढते, 'धाकटीचं कसं जमायचं?' म्हणून रडते आणि मारते. तिचं भय खरं आहे. वळ मात्र पोरीच्या पाठीवर उठतो.

अशा जोडप्यांसाठी सुरक्षित घरांचं सुप्रीम कोर्टानं २०१८ सालीच सांगितलंय. पण रात्री बाराला पळून आलेली पोर आधी ओळखीचंच दार वाजवते. आमची खोली दहा बाय दहाची, झोपणारे सहा. आणखी दोघं मावतील. पंच आले तर उंबऱ्यावर मी बसलेलो असेन. तुमच्या खोलीत किती मावतील, ते सांगा.