रीडिंगवाल्याला शिव्या देणं सोपं आहे, ठेकेदाराला कोण विचारणार?

थोडी मोठी पोस्ट आहे, पण बिल भरण्याआधी वाचा.

बिल जास्त आलं की आपल्या चौरास पट्ट्यात पहिली शिवी कोणाला बसते? मीटर रीडिंग घेणाऱ्या पोराला. "त्यानंच आकडा चुकवला." "घरी आलाच नाही, पानठेल्यावर बसून लिहिला." मंत्र्याला कोणी बोलत नाही, कंपनीला बोलत नाही. ठेकेदाराला तर नाहीच, कारण त्याचं नावच कोणाला माहीत नाही.

काही पोरं खोटं रीडिंग टाकतात, हे खरं आहे. 2022 मध्ये महावितरणनं चुकीच्या रीडिंगपायी अनेक एजन्सी बडतर्फ केल्या होत्या. पण पोरगं खोटं काऊन टाकते, हे कोणी विचारलं का?

हा पोरगा महावितरणचा कर्मचारी नाही. काम एजन्सीला, एजन्सीचं पोराला, आणि पैसे बहुतेक ठिकाणी एका रीडिंगमागे मोजके रुपये. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मोबाईलही त्याचाच. रोवणीच्या दिवसांत सकाळी आठनंतर अर्ध्या गावाला कुलूप, सगळे बांधीत. मीटर आत, कुत्रं दारात. फोटो नाही तर रीडिंग नाही, रीडिंग नाही तर पैसे नाहीत. परत फेरी मारली तर पेट्रोल खिशातलं. नगावर मजुरी ठेवायची, फेरीचे पैसे द्यायचे नाहीत आणि वरून अचूकता मागायची? धानाच्या रोवणीत हुंड्यावर काम दिलं की रोपं कशी लागतात, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

आता म्हणतात, स्मार्ट मीटर आले, रीडिंगवाल्याचं कामच संपलं, चुकाही संपल्या. जरा हिशोब पाहू.

केंद्राची आरडीएसएस योजना 2021 ची. 2023 मध्ये महावितरणनं सव्वादोन कोटींच्या आसपास मीटरचे ठेके अदानी, एनसीसी, मॉन्टेकार्लो आणि जीनस या कंपन्यांना दिले. एका मीटरमागे खर्च सुमारे 12 हजार रुपये. केंद्राचं अनुदान 900 रुपयांच्या आसपास. ग्राहकाला सांगतात, "मीटर फुकट आहे." बाकीचे 11 हजार काय वैनगंगेतून वाहत येणार आहेत? कंपनीचा पैसा म्हणजे शेवटी वीजदर, आणि वीजदर म्हणजे तुमचं-आमचं बिल.

लोकांनी ओरड केली तेव्हा जून 2024 मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं, सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही. मग 'टीओडी' नावानं स्मार्ट मीटर आले. प्रीपेड नाही, बिल महिन्यानंतरच येते, हे कबूल. त्यावर सवलतही सुरू झाली : 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेत वापरलेल्या विजेवर युनिटमागे 80 पैसे. चांगली गोष्ट आहे. पण त्या वेळात आपल्या घरी असते कोण, भाऊ? माणूस शेतात, पोरं शाळेत. पंखा आणि टीव्ही चालते रात्री. सवलत दिवसभर घरात एसी लावून बसणाऱ्याला, आपल्याला फक्त तिची जाहिरात.

वीजचोरी, गळती थांबली पाहिजे, त्याला माझा विरोध नाही. प्रामाणिक ग्राहकानं चोरट्याचं बिल का भरावं? पण मशीन आली म्हणून माणूस लागत नाही, हे खोटं आहे. मीटर बंद पडला, वायर जळाली, पावसात नेटवर्क गेलं तर दारात माणूसच यावा लागतो. तो माणूस आपल्याकडे आधीच आहे. कोणाचं घर कोणत्या खांबावर, कोणता मीटर कोणत्या नावावर, हे त्याला तोंडपाठ आहे. वर्षानुवर्षं उन्हातान्हात फिरलेल्या पोराला एक दिवस "उद्यापासून येऊ नको" म्हणायचं आणि त्याच दारात दुसऱ्या ठेकेदाराचं नवखं पोरगं पाठवायचं, ही कोणती स्मार्टगिरी?

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं :

1) रीडिंगच्या पोरांना प्रशिक्षण देऊन मीटर बसवणे, तपासणे, तक्रार पाहणे या कामात आधी घ्या. बाहेरची भरती नंतर.

2) मजुरी नगावर नको, महिन्यावर द्या आणि थेट बँकेत. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकानं द्यायची, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. "तो आमचा माणूस नाही" म्हणून कंपनीला हात झटकता येत नाही.

3) मीटर बदलताना जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग ग्राहकासमोर लिहा, फोटो काढा, सही घ्या. उद्या भांडण याच आकड्यावरून होणार आहे.

आणि आपलंही काही काम आहे. बिल आलं की फक्त रक्कम पाहू नका. मागील रीडिंग, चालू रीडिंग पाहा आणि मीटरजवळ जाऊन ताडून घ्या. बिल सरासरीनं आलं असेल तर लक्षात ठेवा : 2020 च्या केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार दोनपेक्षा जास्त बिलं अशी अंदाजानं आली, तर प्रत्यक्ष रीडिंगचं बिल येईपर्यंत ग्राहक पैसे भरायला नकार देऊ शकतो. पूर, वादळासारखी आपत्ती असेल तर गोष्ट वेगळी. पण तोंडी नकार देऊन घरी बसू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. थकबाकीसाठी लाईन कापायची तर 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 56 प्रमाणे पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. 1912 वर तक्रार करा, नंबर लिहून ठेवा. तिथंही दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठराव लिहून घ्या, नुसता आरडाओरडा नको. रीडिंगच्या पोरांनाही तिथं बोलवा, त्यांचं ऐका. ते आपल्याच गावची लेकरं आहेत.

आसगाव, कोंढा, पवनीकडचे ज्यांचे मीटर बदलले, त्यांनी जुनं आणि नवं बिल शेजारी ठेवून फरक कमेंटमध्ये लिहा. कमी आलं असेल तर तेही लिहा. ग्राहक क्रमांक मात्र झाका.