बॉनेटखालचा कायदा

कोल्हापूरहून निघालेली आलिशान सेडान कागल मागे टाकून कोगनोळीला पोचते, तेव्हा ती राज्य बदलते. महामार्ग ४८ तोच, दोन्हीकडची भाषा तीच, नातीगोतीही तीच. पण त्याच गाडीची नोंदणी कोल्हापूरच्या एमएच ०९ ऐवजी चिक्कोडीच्या केए २३ खाली करायची म्हटली, की सगळा हिशेब बदलतो. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या वीस लाखांवरील पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेल गाडीला १५ टक्के एकरकमी कर आहे. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. कर्नाटक पेट्रोल-डिझेल असा भेद करत नाही. तिथे वीस लाखांवरच्या गाडीला सरसकट १८ टक्के आजीवन कर, आणि त्या करावर पुन्हा उपकर. साठ लाखांच्या गाडीला कोल्हापुरात ढोबळ मानाने पेट्रोलसाठी ७ लाख ८० हजार आणि डिझेलसाठी ९ लाख भरावे लागतात. सीमेपलीकडच्या निपाणीकराला दोन्हींसाठी १० लाख ८० हजार आणि वर उपकर. म्हणजे कोल्हापूरकराला एक लाख वीस हजारांच्या फरकाने पेट्रोलकडे वळवले जाते, निपाणीकराला तसे कोणीच वळवत नाही. एका जिल्ह्याच्या अंतरात जर कायदा ग्राहकाची पसंती अशी हलवू शकतो, तर खंडाखंडांत काय होत असेल?

निपाणी-बेळगावात मोटारींचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. जर्मनीत, अमेरिकेत याच गाडीला सहा सिलिंडरचे दणकट इंजिन मिळते आणि आपल्या माथी दोन लिटरचे मारतात, आपल्याला दुय्यम समजतात. तक्रारीमागची चीड समजण्यासारखी आहे, कारण पैसे आपण कमी मोजत नाही. पण तिचे कारण चुकीचे सांगितले जाते. गाडीत कोणते इंजिन बसवायचे हे गिऱ्हाइकाच्या लायकीवर ठरत नाही. त्या देशातला कर, तिथले इंधन, धुराचे नियम आणि विक्रीचा आकडा या चार गोष्टी ते ठरवतात.

सर्वांत जुना आणि सर्वांत स्पष्ट दाखला इटलीचा. तिथे अनेक वर्षे दोन लिटरच्या वरच्या इंजिनावर जवळपास दुप्पट मूल्यवर्धित कर होता. म्हणून फेरारीसारख्या कंपनीने १९७५ मध्ये आपले आठ सिलिंडरचे इंजिन १,९९१ सीसीपर्यंत खाली आणले आणि २०८ हे मॉडेल काढले. बीएमडब्ल्यूने एम३ चे २,३०२ सीसीचे इंजिन १,९९० वर आणून ३२०आयएस ही गाडी प्रामुख्याने इटली आणि पोर्तुगालसाठी बनवली. चीनमध्ये आजही उपभोग कर सीसीवर आहे: दीड ते दोन लिटरला ५ टक्के, तीन ते चार लिटरला २५, चारच्या पुढे ४० टक्के. त्यामुळे बीएमडब्ल्यूची ७ सीरिजसारखी लांबलचक सेडानही तिथे दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनावर विकली गेली. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, म्हणून मोठी इंजिने टिकली. पण नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा पेट्रोल आणि डिझेलला एकच आणि कडक, म्हणून तिथे डिझेल सेडान कधी रुजलीच नाही. युरोपने डिझेलला सवलत दिली. युरो ५ मध्ये पेट्रोलला किलोमीटरमागे ६० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, तर डिझेलला १८०. युरोपात डिझेल का फोफावले, याचे एक मोठे कारण या दोन आकड्यांत आहे.

आपल्याकडेही हेच घडत आले आहे. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि पेट्रोलसाठी १,२०० किंवा डिझेलसाठी १,५०० सीसीपर्यंतचे इंजिन अशी छोट्या गाडीची व्याख्या केली. त्या व्याख्येत बसण्यासाठी २०१२ मध्ये डिझायरची डिकी छाटली गेली. १६ डिसेंबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २,००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. महिन्याभरात महिंद्राने स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० साठी २,१७९ ऐवजी १,९९० सीसीचे इंजिन आणले. मर्सिडीझच्या ई-क्लासमधले तेव्हाचे २,१४३ सीसीचे डिझेल इंजिन मात्र बंदीत सापडले. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का हरित अधिभार लावून बंदी उठली. नळीतून बाहेर काय पडते, हा प्रश्न त्या दोन हजार सीसीच्या रेषेत कुठेच नव्हता.

इंधनाचे म्हणणे आणखी वेगळे. २०१० पासून काही महानगरांत भारत स्टेज ४ चे डिझेल मिळू लागले, त्यात गंधक दशलक्ष भागांत ५० भाग होते; बाकी बहुतेक देशात ३५० भाग. आधुनिक डिझेल इंजिनाचे फिल्टर आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा इतक्या गंधकाने निकामी होते. मुंबईत घेतलेली गाडी गावाकडच्या पंपावरही भरावी लागणार, हे कंपनीला धरून चालावे लागे. एप्रिल २०२० पासून देशभर १० भागांचे इंधन आले आणि ही अडचण सुटली, पण त्याच वेळी महागड्या शुद्धीकरण यंत्रणेचा खर्च नको म्हणून ऑडी, फोक्सवॅगन, स्कोडा, मारुती यांनी इथे डिझेल सोडून दिले.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. त्यातला एक वाटा उसाचा, आणि चिक्कोडी-निपाणीच्या शिवारापासून साखर कारखान्यांपर्यंत सगळा बेळगाव जिल्हा त्या साखळीत आहे. जर्मनीत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे जात नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि रबरी नळ्या, सील, इंधनपंप त्याला टिकणारे लागतात. इथल्या उसावर चालणारे जर्मन इंजिन जर्मनीतल्यासारखे असणार नाही, हे उघड आहे.

राहिला विक्रीचा आकडा. मर्सिडीझ पुण्याजवळ चाकणला, बीएमडब्ल्यू चेन्नईला सुटे भाग आणून गाडी जुळवते, कारण तयार गाडीवरचे आयात शुल्क सुट्या भागांपेक्षा कितीतरी जास्त आहे. २०११ पासून तर आधीच जुळवलेले इंजिन आणले तर वेगळे, चढे शुल्क पडू लागले. म्हणून इंजिन जुळणीही इथेच होऊ लागली आणि फोर्स मोटर्ससारख्या कंपनीला हे काम मिळाले. प्रत्येक नव्या इंजिनासाठी वेगळी जुळणी, वेगळी साधने, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून वेगळी चाचणी. वर्षाला मोजक्या गाड्या खपणार असतील तर सहा इंजिने ठेवणे परवडत नाही. दोन-तीन निवडावी लागतात.

म्हणून प्रश्न कंपनीला विचारण्याआधी सरकारला विचारला पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीला १८ टक्के आणि बाकी सर्व पेट्रोल-डिझेल मोटारींना ४० टक्के जीएसटी आहे. चार मीटरपेक्षा जराशी लांब, दीड लिटरची मध्यमवर्गीय सेडान आणि तीन लिटरची आलिशान सेडान एकाच पंगतीत. मोजमाप अजूनही लांबीचे आणि सीसीचे. त्यात श्वास घेणाऱ्या माणसाचा विचार कुठे आहे? निपाणीजवळच्या तवंदी घाटात ट्रकांमागे अडकलेल्या दुचाकीस्वाराला इंजिनाचे आकारमान बाधत नाही, धूर बाधतो.

खरे तर लागणारा आकडा सरकारकडे आहे. प्रत्येक मॉडेलची चाचणी होताना किलोमीटरमागे किती कार्बन डायऑक्साइड आणि किती नायट्रोजन ऑक्साइड बाहेर पडते, याची नोंद होते. २०२२-२३ पासून कंपन्यांना त्यांच्या सगळ्या गाड्यांची कार्बनची सरासरी ११३ ग्रॅमच्या आसपास ठेवण्याचा नियमही आहे. कंपनीला जो आकडा लागू होतो, तो गिऱ्हाइकाच्या करात उतरायला काय हरकत आहे? इथे ब्रिटनचा धडा लक्षात ठेवावा. २००१ पासून त्यांनी कर केवळ कार्बनवर बसवला, लोक डिझेलकडे धावले आणि शहरांत नायट्रोजन ऑक्साइड डोईजड झाले. म्हणून कार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड दोन्ही एकत्र धरूनच कर बसवला पाहिजे.

राज्यांनीही हाच पाया घ्यावा. दर किती ठेवायचा हा प्रत्येक विधानसभेचा अधिकार आहे, पण मोजण्याचे माप दोन राज्यांत दोन असू नये. १ नोव्हेंबर १९५६ पासून सीमाभाग दोन राज्यांच्या नियमांमधून वाट काढतो आहे. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल. गाडीच्या धुराला मात्र कोगनोळीचा नाका कळत नाही. आणि नियम बदलायचे तर पुरेशी मुदत देऊन बदलावेत. बेळगावच्या उद्यमबागेत, कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावात वाहनउद्योगासाठी ओतकाम चालते. इंजिनाचे माप बदलले की नवे पॅटर्न, नवे कोअर बॉक्स, नव्याने मंजुरी. रातोरात आलेल्या आदेशाची किंमत शेवटी भट्टीपाशी उभा असलेला कामगार मोजतो.

गाडी घेणाऱ्यांना एकच सांगणे. डिकीवरच्या आकड्याला भुलू नका. बीएमडब्ल्यूची ३३०आय आणि ३२०डी या दोन्ही दोन लिटरच्याच आहेत. तपशीलपत्रकातली सीसी पाहा, इंधन पाहा, आणि विक्रेत्याला किलोमीटरमागचे उत्सर्जन विचारा. तो आकडा गिऱ्हाइकाला मिळाला पाहिजे आणि कर त्याच आकड्यावर बसला पाहिजे. बेळगावच्या आणि कोल्हापूरच्या खासदारांनी ही मागणी संसदेत एकत्र मांडावी.