ओळखा पाहू : वाळवंटातलं सोनं

दोस्तांनो, आज जरा लांब जाऊ या. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये 'डेथ व्हॅली' नावाचं वाळवंट आहे. डेथ व्हॅली म्हणजे मृत्यूची दरी! तिथली बॅडवॉटर ही जागा समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली आहे. वर्षभरात पाऊस पडतो तो जेमतेम ५ सेंटिमीटर. आपल्या मुंबईत जुलैच्या एखाद्या दिवशीच याहून जास्त कोसळतो!

तरीसुद्धा १९९८, २००५ आणि २०१६ साली ही दरी फुलांनी भरून गेली होती. त्यातलं एक लाडकं पिवळं फूल म्हणजे 'डेझर्ट गोल्ड', वाळवंटातलं सोनं. शास्त्रीय नाव जेरेया कॅनेसेन्स.

ही वार्षिक वनस्पती. पाऊस झाला की रुजायचं, वसंतात फुलायचं आणि उन्हाळा तापायच्या आत बिया टाकून मरून जायचं. मग त्या बिया वाळूत चांगल्या पावसाची वाट बघत राहतात.

पण पाऊस 'चांगला' आहे हे बीला कळतं कसं? फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वाळवंटी रोपांच्या बियांवर प्रयोग केले. वरून पावसासारखं भरपूर पाणी पाडलं, तेव्हा बिया रुजल्या. तेवढंच पाणी खालून मातीत मुरू दिलं, तर रुजल्या नाहीत! कारण अशा पुष्कळ बियांच्या सालीत रुजणं रोखणारी रसायनं असतात. ती धुऊन जाण्याइतका पाऊस झाला तरच बीचं कुलूप उघडतं. आहे की नाही हुशारी?

आता ओळखायचं कसं? नुसता पिवळा रंग बघून फसू नका. या खुणा तपासा :

१. फूल साधारण ५ सेंटिमीटर रुंद. सूर्यफुलासारखी मध्ये चकती आणि भोवती दहा ते वीसेक पाकळ्या. मध्ये चकतीच नाही, नुसत्या फिकट पिवळ्या पाकळ्यांचे थर आहेत? मग ते 'डेझर्ट डँडेलायन'.

२. पानं आणि देठ केसाळ, म्हणून राखाडी-हिरवे. कॅनेसेन्स म्हणजेच राखाडी होत जाणारं.

३. खोड मऊ, रोप वीतभरापासून पाऊण मीटरपर्यंत. गोल, लाकडी खोडाचं, चंदेरी पानांचं झुडूप दिसलं तर ते 'ब्रिटलबुश'. ते वर्षानुवर्षं जगतं.

४. बारीक फुलं आणि चारच पाकळ्या, अधिकच्या चिन्हासारख्या? मग ती 'सहारा मस्टर्ड', आपल्या मोहरीची चुलत बहीण!

ही चौथी खूण सगळ्यात महत्त्वाची. सहारा मस्टर्ड तिथली नाही. ती उत्तर आफ्रिका आणि भूमध्य समुद्राच्या भागातून आलेली पाहुणी. ती लवकर रुजते, मोठमोठी पानं पसरते आणि तुटपुंजं पाणी पिऊन टाकते. एकेक रोप हजारो बिया टाकतं. मग डेझर्ट गोल्डसारख्या मूळच्या रहिवाशांना जागा कुठून मिळणार? म्हणून कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात काही ठिकाणी स्वयंसेवक तिची रोपं हातांनी उपटतात. अशा वेळी ओळख चुकली तर? पाहुणी राहील आणि घरचंच रोप जाईल!

एक गोष्ट लक्षात ठेवा. डेथ व्हॅली हे राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे फूल तोडायला मनाई आहे. वार्षिक रोपाला फुलायची संधी एकदाच मिळते. तोडलेल्या फुलाच्या बिया वाळूत पडत नाहीत.

आता तुमचं काम. आईला विचारून चिमूटभर मोहरी कुंडीत पेरा. महिन्या-दीड महिन्यात फुलं आली की पाकळ्या मोजा. मग सूर्यफूल शोधा आणि भिंगातून चकती बघा. ती चकती म्हणजे दाटीवाटीनं बसलेली शेकडो चिमुकली फुलं! दोन्हींची चित्रं वहीत शेजारी शेजारी काढा आणि फरक लिहा. पिवळं फूल म्हणजे 'एक' फूल नव्हे, हे मग कोणी वेगळं सांगायला नको!