दाबवस्त्राची मात्रा

वजन उतरविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने अंगावर घालावयाच्या दाबवस्त्रांचे कापड कसे निवडावे, या विषयावर सानगडीसारख्या गावात बसून लेख लिहिण्याचे प्रयोजन काय, असा आक्षेप पहिल्याच ओळीवर घेतला जाईल. शस्त्रक्रिया नागपुरास होते, शस्त्रवैद्य नागपुरास असतो, वस्त्र तर त्याहूनही दूरच्या कारखान्यातून येते. मग मालगुजारी तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या या मुलखाने त्याची उठाठेव का करावी? याचे उत्तर असे की, शस्त्रक्रियेचे काही तास नागपूरचे असले, तरी त्यानंतरचे सारे महिने साकोली तालुक्याच्या उन्हात, जमिनीवर मांडी घालून जेवण्यात, विहिरीवरच्या धुण्यात आणि घामात काढावयाचे असतात. आणि दाबवस्त्राची परीक्षा नेमकी तेथेच होते.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. पोटाची पिशवी लहान करण्याची मूळ शस्त्रक्रिया दुर्बिणीने होते. तिच्यानंतर पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून मोजे, आणि खोकताना, उठताना आधार म्हणून पोटाला पट्टा, एवढीच दाबवस्त्राची गरज असते. पुढे वर्ष-दीड वर्षाने वजन स्थिर झाल्यावर ओघळलेली कातडी काढण्याची जी दुसरी शस्त्रक्रिया काही जण करून घेतात, तिच्यात मात्र पोट, दंड, मांड्या यांवरील विस्तीर्ण भाग सोलला जाऊन पुन्हा जोडला जातो, आणि त्यावर आठवडेच्या आठवडे संपूर्ण वस्त्र ल्यावे लागते. या दोन्ही प्रसंगांना दुकानदार एकच ‘बेल्ट’ पुढे करतो, आणि अनर्थाचा आरंभ तेथून होतो.

आता पूर्वपक्ष पाहू. त्यातील सर्वांत बलवान आणि सर्वांत घातक मत असे की, पट्टा जितका घट्ट तितका गुणकारी. बाळंतिणीचे पोट लुगड्याच्या पट्टीने आवळून बांधण्याची आपली जुनी चाल या मताच्या पाठीशी आहे, सबब त्याची टवाळी करून भागणार नाही. त्याचे खंडन प्रमाणांनीच केले पाहिजे. दाबवस्त्राचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि पाऱ्याचे २० मिलिमीटर म्हणजे जेमतेम २७ सेंटिमीटर खोल पाण्याचा दाब होय. कोनराड जोब्स्ट हा अमेरिकेतील अभियंता स्वतः पायांच्या शिरांच्या विकाराने पीडित होता. तलावात उभे राहिले असता पायांना आराम पडतो, याचे कारण पाण्याचा दाब खोलीबरोबर क्रमाक्रमाने वाढत जातो हे आहे, असे त्याने ताडले आणि १९५० च्या सुमारास घोट्याशी अधिक व वर कमी दाब देणारा मोजा सिद्ध केला. आवळण्यात गुण नव्हता. ठरावीक जागी ठरावीक दाब देण्यात गुण होता.

उलटपक्षी, पोट प्रमाणाबाहेर आवळले की उदरातील दाब वाढतो, त्यामुळे पायांकडून वर येणारे रक्त मांडीच्या शिरांत रेंगाळते, आणि ज्या गुठळीच्या भयाने पायांत मोजे चढविले तिलाच पोटावरचा पट्टा वाट करून देतो. स्थूल रुग्णांत मधुमेह वारंवार आढळतो. ज्याच्या पायांची संवेदना मधुमेहाने मंदावली आहे, त्याला वस्त्र रुतते आहे हे कळतही नाही, आणि ज्याच्या पायांच्या धमन्याच अरुंद झाल्या आहेत, त्याला तर दाबाचा मोजा वैद्याने तपासल्यावाचून चढविणेच धोक्याचे. आपल्या परंपरेचाच आधार हवा असेल, तर सुश्रुतसंहितेत पट्ट्यांचे चौदा प्रकार सांगून प्रत्येक अवयवासाठी बंध गाढ असावा, सम असावा की शिथिल असावा याचा विवेक केलेला आहे, आणि शिथिलाच्या जागी गाढ बांधल्यास सूज व वेदना उत्पन्न होतात हेही बजावले आहे. तेव्हा घट्टपणाचा सरसकट पुरस्कार परंपरेलाही मान्य नाही.

दुसरे मत असे की, वेष्टनावर ‘दुसरी श्रेणी’ छापलेली असली म्हणजे झाले. परंतु जर्मन मानकाप्रमाणे दुसरी श्रेणी म्हणजे २३ ते ३२ मिलिमीटर, तर ब्रिटिश मानकाप्रमाणे दुसरी श्रेणी म्हणजे १८ ते २४. म्हणजे एकाच नावाखाली दोन निराळे दाब विकले जातात. शिवाय दाब हा नुसता कापडाचा गुण नाही. फ्रेंच गणिती लाप्लास याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाप्रमाणे, कापडाचा ताण तोच राहिला तरी अवयव जितका बारीक आणि वळण जितके तीव्र, तितका दाब अधिक. म्हणून एकाच पट्ट्याचा पोटाच्या सपाट भागावर नाममात्र दाब पडतो आणि कमरेच्या हाडाच्या कडेवर तोच पट्टा कातडी सोलतो. थर वाढले तरी दाब वाढतो. रुग्ण जेवावयास मांडी घालून बसला की पट्ट्याची वरची किनार हळूहळू उलटून वळकटी होते, दोन-तीन थर एकावर एक येतात, आणि बोटभर रुंदीच्या त्या वळकटीखाली, ताज्या टाक्यांच्या अगदी शेजारी, दुप्पट-तिप्पट दाबाचा लाल वण उमटतो. घरातील माणसे त्याला ‘घामोळे’ म्हणून पावडर लावतात. कसूर मात्र उंची आणि किनार न पाहता घेतलेल्या पट्ट्याची असते.

तिसरे मत देशी कापडाच्या अभिमानातून येते, आणि ते ज्या जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावच्या मागांवर कोशाचे वस्त्र विणले जाते, ऐनाच्या झाडांवर कोसा पोसला जातो, त्या भंडारा जिल्ह्यात आदराने ऐकून घेतले पाहिजे. नायलॉनच्या कृत्रिम धाग्यापेक्षा सूत किंवा कोसा अंगाला बरा, असे हे मत आहे. कातडीपुरते ते पुष्कळ अंशी खरे आहे. पण उभ्या-आडव्या धाग्यांच्या मागावरील कापडाला लवचीकपणा बेताचाच. ते बांधताना आवळते आणि सूज थोडी उतरताच सैल पडते. दाब टिकवून धरण्याचे काम गुंफलेल्या टाक्यांच्या विणीचे आणि ताणून पुन्हा मूळ लांबीवर येणाऱ्या धाग्याचे आहे. असा धागा, म्हणजे स्पॅन्डेक्स, ड्यू पाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स याने १९५८ साली शोधून काढला. त्यापूर्वी हे काम रबरी धागा करीत असे, जो तेलाने लवकर खराब होतो आणि काहींच्या कातडीला सोसत नाही. शिवाय सूत घाम शोषते खरे, परंतु तो धरूनही ठेवते; ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या आपल्या वैशाखात पोटाच्या वळीत ओले सूत दिवसभर घासत राहिले की नायट्याला आमंत्रणच मिळते. म्हणून आत पातळ सुती अस्तर, दर दिवशी बदललेले, आणि बाहेर नायलॉन-स्पॅन्डेक्सचे हवा खेळती ठेवणारे जाळीदार कापड, ज्याला व्यापारी पॉवरनेट म्हणतात, ही तडजोड अभिमानाला कमीपणा आणणारी नाही.

चौथे मत असे की, हा सारा श्रीमंतांचा शौक आहे. हे मत ऐकले की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यातील हत्तीरोगाने सुजलेले पाय डोळ्यांपुढे येतात. शासन हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघर देते, पाय धुण्याचा टब, साबण, टॉवेल, मलम देते, आणि ते योग्यच आहे. पण ज्याचा पाय एकदा सुजला त्याला निगा, व्यायाम यांच्या जोडीला मापाचा दाबही लागतो. येथे कापडाचा विवेक आणखी बारीक होतो. गोल विणीच्या बिनशिवणीच्या मोज्यात टाक्यांची संख्या वरपासून खालपर्यंत तीच राहते, म्हणून तो सुडौल पायाला शोभतो. सपाट विणीत ओळीओळीला टाके वाढविता-घटविता येतात, म्हणून वेडावाकडा सुजलेला पाय किंवा ओघळलेली मांडी तिच्यातच नीट बसते, आणि तिचे कापड वळ्यांत न शिरता वरून सरळ जाते. वजन उतरलेल्या धनिकाची मांडी आणि बांधीत रोवणी केलेल्या मजुराचा पाय यांना एकाच शास्त्राची गरज आहे. शौकाचा आरोप येथे टिकत नाही.

पाचवा दावा जाहिरातींचा: वस्त्राने चरबी वितळते, कातडी आवळते. तो सरळ खोटा आहे. किंबहुना पट्ट्याने जखमेखाली पाणी साचणे निश्चितपणे थांबते, हेही अद्याप निर्विवाद सिद्ध झालेले नाही. चालताना आधार मिळतो, वेदना सुसह्य होते, एवढे पदरात पडते, आणि तेवढे पुरेसे आहे.

या खंडनातून जो सिद्धान्त उरतो तो असा: दाब हे औषध आहे, आणि औषधाला मात्रा असते. म्हणून वस्त्र घेताना चार गोष्टींचा दाखला मागावा. मिलिमीटरमधील दाब लेखी असावा. मोजमाप उभ्याने आणि बसून, सूज कमी असताना सकाळी घ्यावे. शिवणी बाहेरच्या अंगास व किनारी सपाट असाव्यात, आणि कापड ओढून सोडले असता तत्काळ मूळ आकारावर यावे. चौथे, वस्त्र दोन नग घ्यावेत. एक अंगावर, एक सावलीत वाळत. ऊन पाणी, क्लोरीनचे ब्लीच आणि वैशाखाचे ऊन ही तिन्ही स्पॅन्डेक्सच्या धाग्याचे वैरी आहेत. वजन उतरत असेल तर मापही उतरते, आणि सैल झालेले वस्त्र टाचून वापरणे म्हणजे मात्रा अंदाजाने घेणे होय. तेव्हा माप पुन्हा घ्यावे आणि वस्त्र बदलावे. बोटे बधिर झाली, पाय निळसर पडला, किंवा एकाच पोटरीत दुखणे व सूज वाढली, तर वस्त्र काढून तडक वैद्य गाठावा.

शस्त्रवैद्यांस विनंती एवढीच की, चिठ्ठीवर नुसते ‘बेल्ट’ न लिहिता दाबाचा आकडा, अवयव आणि मुदत लिहावी. आणि वाचकहो, चिठ्ठीवर आकडा नसेल, तर तो विचारल्यावाचून दवाखान्याचा उंबरठा ओलांडू नका. गोळी किती घ्यावयाची हे विचारताना आपण संकोचत नाही, मग दाब किती घ्यावयाचा हे विचारताना संकोच कशाचा?