उतारावर वस्ती नको, ओसाडीही नको

३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ जण मृत्युमुखी पडले. २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये आणि २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे त्याच शोकांतिकेची पुनरावृत्ती झाली. प्रत्येक वेळी मदत जाहीर झाली, पुनर्वसनाची चर्चा झाली. परंतु मागे उरलेल्या धोक्याच्या उताराचे काय करावयाचे, या प्रश्नाला कोणी फारसा हात घातला नाही.

हा प्रश्न गौण नव्हे. घर हलविता येते, उपजीविका सहजी हलत नाही. वनवासी बांधवांची भातखाचरे, गुरांची चराई आणि हिरड्याची झाडे त्याच डोंगरावर असतात. नव्या घरातील चूल पेटावी म्हणून माणूस जुन्या उताराकडे वळणारच, आणि तेथे खोपटे उभारण्याचा मोह त्याला झाला तर दोष त्याचा नाही.

सह्याद्रीच्या कठीण बसाल्टवर झिजलेल्या खडकाचा आणि मातीचा थर पसरलेला असतो. अतिवृष्टीत पाणी या थरात मुरते, खालच्या खडकाशी अडते आणि मातीची पकड सैल करते. मग माती, दगड आणि झाडे यांचा लोंढा क्षणार्धात खाली येतो. अशा उतारावर पाणी साठविणारी शेती म्हणजे संकटाला आमंत्रणच. पडकई ही हातांनी, सामूहिक श्रमाने खाचरे पाडण्याची जुनी रीत. तिची जागा यंत्रांनी घेतल्यामुळे डोंगर दुबळा झाला काय, हा वाद माळीणनंतर झाला, तो याच कारणाने.

मात्र या धोक्यालाही ऋतू असतो. तो मुख्यतः पावसाळ्याच्या चार महिन्यांचा आहे. तेव्हा ज्या उत्पन्नाचे काम या महिन्यांबाहेर येते, तेच अशा जमिनीवर घ्यावे. हिरड्याची तोडणी पावसाळ्यापूर्वी होते, गवताची कापणी पावसाळ्यानंतर आणि बांबूची तोड हिवाळ्यात. बांबूची मुळे वरची माती धरून ठेवतात, खोलवरचे स्खलन मात्र थोपवीत नाहीत. म्हणून लागवड झाली तरी वस्तीवरील बंदी शिथिल होता कामा नये. भातासाठी सुरक्षित सखल जमीन द्यावी आणि उतारावरील उत्पन्नाचा हक्क मूळ कुटुंबांकडेच ठेवावा.

या कामी नागपूरची जबाबदारी मोठी आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य क्षेत्राचे मुख्यालय येथे आहे. १९७६ मध्ये स्थापन झालेली मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजनाची राष्ट्रीय संस्थाही येथेच आहे. एकीकडे दरडींचा अभ्यास, दुसरीकडे मातीचा. या दोहोंचा मेळ घालून गावनिहाय नकाशा सिद्ध केला, तर कोठे राहू नये आणि तेथे काय पिकवावे, हे एकाच कागदावर येईल. १९९९ च्या हिरोशिमा परिसरातील दुर्घटनेनंतर जपानने वर्षभरात कायदा करून धोक्याची क्षेत्रे निश्चित करण्याची व्यवस्था उभारली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरातच भरते. पुनर्वसनाच्या आराखड्यात घराइतकेच जमिनीच्या उपयोगालाही स्थान देणारा निर्णय येथे व्हावा.

माळीणला दहा वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, ३० जुलै २०२४ रोजी, केरळातील वायनाड येथे डोंगर कोसळला. निसर्गाने दिलेला इशारा पुन्हा एकदा ऐकू आला आहे. आता हालचाल शासनाची आणि समाजाची व्हावयास हवी.